नव्याचे नऊ दिवस, आणि दहाव्याचे काय?

आपल्या बाजारात सुधारणेचा आरंभ होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. ईद झाली, आर्थिक वर्ष बदलले, दुकानाला नवा रंग लागला, की मालक ठरवतो, आता रोज रात्री हिशेब लिहूनच शटर ओढायचे. खराब मालामुळे एखादी मोठी ऑर्डर हातून गेली की कारखान्यात ठरते, आता दर आठवड्याला सगळ्या मशिनी साफ करून तेल द्यायचे. नवी वही येते. पहिले पान सुवाच्य अक्षरांत भरते. मग एके दिवशी पाहुणे येतात, लाइट जाते किंवा घरात लग्न निघते, आणि तो दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी मालक म्हणतो, उद्या दोन्ही दिवसांचे एकदम लिहू. दहाव्या दिवशी वही गल्ल्याखाली जाते आणि तिच्यावर चहाचे कप ठेवले जातात.

नव्याचे नऊ दिवस ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. परंतु धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात फार मोठा तोटा सांगितला आहे. कोणतीही सुधारणा नऊ दिवसांत मोडत असेल, तर दर वर्षी आपण तिथूनच सुरुवात करतो जिथून मागच्या वर्षी केली होती. मेहनत होते, पण चाल होत नाही. आपल्या कारागिरांच्या हुन्नरात उणीव नाही आणि मेहनतीत तर नाहीच नाही. उणीव असेल तर ती इथे आहे, दहाव्या दिवशी.

म्हणूनच या वेळी कर्ज, परवाने आणि बाजारभाव बाजूला ठेवून रोजच्या लहान सुधारणा टिकतात कशा, याचा विचार करण्याचे आम्ही योजले आहे. या विषयावर जगाला धडा देणारे लोक सुरुवातीला मोटारवाले नव्हते. ते मागवाले होते. मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या वाचकांनी ही हकीकत आवर्जून वाचावी.

सुताराचा मुलगा आणि आईचा माग

जपानमधील आजच्या कोसाई शहराच्या हद्दीतल्या एका खेड्यात १८६७ साली साकिची तोयोदा यांचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत आणि आई घरच्या हातमागावर विणीत असे. मुलगा वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकला. पण त्याचे लक्ष आईच्या मागाकडे असे. १८९१ साली त्यांना लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले. पूर्वी विणकराचे दोन्ही हात गुंतत. या मागावर एकाच हाताने धोटा आणि फणी दोन्ही चालू लागली. कापड जास्त सारखे येऊ लागले आणि काम सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढले.

एवढ्यावर समाधान मानून ते थांबले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. १८९६ साली त्यांनी इंजिनाच्या शक्तीवर चालणारा माग तयार केला. तो जपानमधला पहिला यंत्रमाग. त्यात आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबण्याची सोय होती. त्यानंतरही उभ्या धाग्यासाठी, धोट्यासाठी, कांडी संपते त्या क्षणासाठी, अशी एकेका अडचणीवर एकेक युक्ती ते जोडत गेले. १९२४ साली त्यांचा जी प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. या मागात कांडी संपलेला धोटा माग चालू असताना, वेग न मोडता, बदलला जाई. पहिल्या पेटंटपासून इथपर्यंत यायला ३३ वर्षे लागली.

या सर्व युक्त्यांमागे एकच विचार होता. तुटलेल्या धाग्यावर चालत राहणारा माग कापड काढत नाही, खराबी काढतो, आणि तीही झपाट्याने. म्हणून चूक घडताक्षणी काम थांबले पाहिजे, चूक दिसली पाहिजे आणि ती तिथेच दुरुस्त झाली पाहिजे. माग स्वतः थांबू लागला तसा कामगाराचा पहारा सुटला आणि एकच माणूस पुष्कळ माग सांभाळू शकला.

१९२९ साली लँकेशायरमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने या मागाच्या पेटंटच्या हक्कांसाठी १ लाख पौंडांचा करार केला. ज्या लँकेशायरचे माग जगभर जात होते, त्याच लँकेशायरने सुताराच्या मुलाची युक्ती विकत घ्यावी, ही साधी गोष्ट नव्हती. १९३० साली साकिची वारले. त्यांचे पुत्र किइचिरो यांनी मोटारीचे काम हाती घेतले आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. मोटारींचा हा एवढा मोठा कारखाना मागाच्या पोटातून जन्मला.

आपल्याकडे इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली, म्हणजे साकिचींच्या पहिल्या यंत्रमागानंतर अवघ्या आठ वर्षांनी. वेळेच्या हिशेबाने आपण फार मागे नव्हतो. यानंतर दोन देशांच्या वाटा वेगळ्या का झाल्या, त्याला भांडवल, शिक्षण, सरकारी धोरण अशी अनेक कारणे आहेत आणि ती सगळी एका सवयीवर ढकलणे खरे होणार नाही. पण जे आपल्या हातात आहे ते शिकायला कोणाची परवानगी लागत नाही.

चाकाखालचा दगड

ताइची ओहनो हे गृहस्थ १९३२ साली तोयोदांच्या सूत आणि कापडाच्या कंपनीत लागले आणि १९४३ साली मोटारीच्या कारखान्यात आले. पुढे जगाने ज्या पद्धतीला टोयोटाची पद्धत म्हणून नावाजले, तिची बांधणी करणाऱ्यांत त्यांचे नाव प्रमुख आहे. १९५१ साली टोयोटाने कामगारांकडून सूचना मागवण्याची रीत सुरू केली. मशिनीसमोर उभ्या असलेल्या माणसाला जी अडचण रोज दिसते ती साहेबाला दिसत नाही, म्हणून सूचना त्यानेच करावी, असा त्यामागचा हेतू. अशा लहान लहान सुधारणांना जपानी भाषेत कायझेन म्हणतात. काय म्हणजे बदल आणि झेन म्हणजे चांगला. मासाआकी इमाई यांनी १९८६ साली याच नावाचे पुस्तक इंग्रजीत लिहिले, आणि हा शब्द जगभर गेला.

आपल्याकडे हा शब्द भाषणांतून पोहोचला, पण अर्धाच. रोज थोडे सुधारा, एवढेच आपण ऐकले. ओहनो यांचा भर दुसऱ्याच गोष्टीवर होता. आधी कामाची एक पद्धत ठरलेली असली पाहिजे, ती सर्वांना दिसेल अशी लिहिलेली असली पाहिजे, आणि सुधारणा झाली की तीच नवी पद्धत बनली पाहिजे. पद्धतच ठरलेली नसेल तर सुधारणा कशाची करायची?

हमालाला हे समजावून सांगावे लागत नाही. चढावर हातगाडी ढकलताना तो दम खायला थांबतो, तेव्हा आधी चाकाखाली दगड सरकवतो. दगड नसेल तर जितकी चढली तितकी गाडी मागे येते, आणि कधी कधी माणसालाही घेऊन येते. सुधारणा म्हणजे गाडी ढकलणे. ठरलेली पद्धत म्हणजे तो दगड. आपण ढकलतो खूप, दगड लावत नाही.

आजकाल मोबाइलवर एक हिशेब फिरत असतो, की रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेर माणूस ३७ पट होतो. गणित बरोबर आहे. पण माग, भट्टी किंवा शिलाई मशीन म्हणजे चक्रवाढ व्याजाचे खाते नव्हे. तिथे कालची सुधारणा आज आपोआप शिल्लक राहत नाही. मशिनीवर रोज नवी धूळ बसते, कामगार बदलतो, वस्तू जागेवरून हलते. त्यामुळे ३७ पटीचे स्वप्न पाहण्यापेक्षा कालचे आज टिकले का, एवढे रोज पाहिले तरी पुष्कळ झाले.

दहा मिनिटांचा हिशेब

लहान गोष्टीने काय होणार, असे विचारणाऱ्यांसाठी आम्ही एक हिशेब मांडतो. समजा, साधा माग मिनिटाला १५६ पीक टाकतो, म्हणजे तितके आडवे धागे भरतो. कापड इंचाला ५२ पिकांचे आहे. म्हणजे मिनिटाला ३ इंच कापड निघाले. आता पाना सापडेना, कांडी भरलेली नाही, जॉबर दुसऱ्या मागावर अडकला, अशा कारणांनी प्रत्येक माग एका पाळीत फक्त १० मिनिटे जास्त बंद राहिला असे धरू. १० मिनिटांचे ३० इंच, म्हणजे अडीच फूट. ८ मागांचे २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर. दोन पाळ्यांचे १२ मीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३०० मीटर.

हे ३०० मीटर कापड कोणी चोरले नाही, बाजाराने पाडले नाही, सरकारने नेले नाही. ते पाना शोधण्यात गेले. शेडचे भाडे, कर्जाचा हप्ता आणि जॉबरचा पगार मात्र पुरा द्यावा लागला. विणणाऱ्या कामगाराची मजुरी मीटरवर आणि पिकावर असते, म्हणून नुकसान त्याच्याही खिशातून गेले. सूतवाल्याचे सूत आणून मजुरीवर कापड काढणाऱ्या खर्चीवाल्या मागधारकाला मीटरमागे उरतात ते मोजकेच पैसे. सुताचा भाव त्याच्या हाती नाही, कापडाचा भाव नाही, विजेचा दर नाही. ही १० मिनिटे तेवढी त्याच्या हातात आहेत.

कामगार निष्काळजी आहे, इथे थांबू नये

टोयोटाच्या कारखान्यात आणखी एक सवय लावली गेली. अडचण आली की पाच वेळा ‘का’ विचारायचे. हे आपल्या शेडमध्ये कसे चालेल ते पाहू.

एका मागावर आडवा धागा वारंवार तुटतो. का? कांडी कुठे घट्ट आणि कुठे सैल भरलेली आहे. ती तशी का भरली गेली? कांडी मशिनीवर धाग्याला ताण देणाऱ्या चकत्या नीट मिटत नाहीत. त्या का मिटत नाहीत? त्यांच्यामध्ये कापसाचे तुस साचले आहे. ते का साचले? चार दिवसांत कोणी साफ केले नाही. का केले नाही? कारण ते काम कोणाचे, हे कधी ठरलेच नाही. कांडीवाल्याला वाटते जॉबर करील आणि जॉबरला वाटते कांडीवाला करील.

पहिल्याच प्रश्नावर आपण थांबलो असतो, तर विणणाऱ्या कामगाराला दोन शब्द सुनावून मोकळे झालो असतो. धागा तुटतच राहिला असता आणि कदाचित चांगला कामगार सोडून गेला असता. पाचव्या प्रश्नापर्यंत गेल्यावर इलाज अगदी स्वस्त निघाला. पाळी सुरू होताना कांडीवाल्याने ५ मिनिटे चकत्या साफ करायच्या, आणि त्याचे नाव भिंतीवर लिहून ठेवायचे. हे नाव लिहिणे म्हणजेच दगड लावणे.

पहिला दगड : जागा

जपानी कारखान्यांत पाच शब्दांची एक रीत प्रसिद्ध आहे. सेइरी म्हणजे नको ते काढून टाकणे. सेइतोन म्हणजे हवे ते ठरल्या जागी ठेवणे. सेइसो म्हणजे साफसफाई. सेइकेत्सू म्हणजे ही स्थिती रोज तशीच राखण्याची पद्धत ठरवणे. आणि शित्सुके म्हणजे ती अंगवळणी पाडणे. यातली पहिली तीन कामे आपण सणाच्या आधी उत्साहाने करतो. शेवटच्या दोहोंची वेळ येते तेव्हा नऊ दिवस संपलेले असतात.

म्हणून साफसफाईच्या दिवशीच पुढची सोय करून ठेवावी. भिंतीला एक फळी ठोकावी आणि प्रत्येक पान्याची, पकडीची, कात्रीची आकृती रंगाने तिच्यावर काढावी. वस्तू जागेवर नसेल तर रिकामी आकृती लांबूनच दिसते. कोणाला विचारावे लागत नाही, कोणावर ओरडावे लागत नाही. गॅरेजमध्ये ही युक्ती विशेष लागू पडते. तिथे १२-१३ चा पाना शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक पंक्चर निघते, हे उस्तादांना ठाऊक आहेच. शागीर्दाला पहिल्या दिवसापासून वस्तू जागेवर ठेवायला लावणारा उस्ताद त्याला अर्धे काम शिकवून मोकळा होतो.

दुसरा दगड : वेळ

सवय लागायला किती दिवस लागतात? कोणी २१ दिवस सांगतात, कोणी चाळीस. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन हे तपासले. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली, उदाहरणार्थ, नाश्ता झाल्यानंतर. २०१० साली छापलेल्या या अभ्यासात सवय अंगी मुरायला मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागतात असे निघाले. कोणाला १८ दिवस पुरले असते, कोणाला २५४ लागले असते. म्हणजे जो नवव्या दिवशी सोडतो, तो साधारण सातवा हिस्सा चालून परत फिरतो.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट व्यापाऱ्याला अधिक धीर देणारी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही. वही गल्ल्याखाली जाते ती एक दिवस चुकला म्हणून नव्हे. एक दिवस चुकला म्हणजे सगळे बुडाले असे आपण धरतो म्हणून. काल राहिले असेल तर आजचे लिहावे. कालची जागा कोरी सोडावी आणि पुढे जावे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली एक साधा उपाय मांडला. ‘मी हिशेब लिहीन’ असा निश्चय ढिला असतो. ‘अमुक घडले की मी अमुक करीन’ असे प्रसंगाशी बांधलेले ठरवणे कितीतरी जास्त पाळले जाते. आपल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. ज्याचा दिवस पाच नमाजांनी बांधलेला आहे, त्याला घड्याळापेक्षा मजबूत खुंट्या आधीच मिळालेल्या आहेत. असरची नमाज पढून दुकानात आलो की पहिले गिऱ्हाईक घेण्याआधी उधारीच्या वहीवर नजर टाकायची. इशाला निघण्यापूर्वी गल्ला मोजायचा. अशी नवी सवय जुन्या, न चुकणाऱ्या सवयीला बांधावी. एकटी सोडली तर ती पडते.

तिसरा दगड : नोंद

जे मोजले जात नाही ते सुधारले की बिघडले, हे कळणार कसे? त्यासाठी संगणक लागत नाही. मागाजवळ पाटी टांगावी आणि माग थांबला की कामगाराने खडूने एक रेघ ओढावी. धाग्यासाठी एक रकाना, कांडीसाठी दुसरा, दुरुस्तीसाठी तिसरा, लाइट गेली तर चौथा. आठवडाभरात पाटी स्वतः सांगते, कुठे हात घालायचा. एक ताकीद मात्र द्यावीशी वाटते. या रेघांवरून कामगाराला दंड करू नये. दंड सुरू झाला की रेघा बंद होतात. माग थांबतच राहतो आणि मालक आंधळा होतो.

दुकानदाराची पाटी म्हणजे रोजमेळ. पूर्वी गल्ल्यात जे असे तीच विक्री, म्हणून अंदाजाने तरी भागत असे. आता निम्मे पैसे मोबाइलवर क्यूआर कोडमधून थेट बँकेत जातात. काही घरच्या दुसऱ्याच खात्यात पडतात, आणि सायंकाळी गल्ला हलका पाहून मालक धंदा मंदावला म्हणतो. दुसरा एखादा खात्यावरची रक्कम पाहून खूश होतो आणि त्यातली निम्मी घाऊक व्यापाऱ्याची आहे हे विसरतो. रोख किती, मोबाइलवर किती, उधार किती, आणि आज देणे किती दिले, या चार ओळी रोज रात्री लिहायला ५ मिनिटे पुरतात. दोन महिने लिहिल्यावर कर्जासाठी बँकेत जावे लागले तर मालकाच्या हातात नुसता शब्द नसतो, कागद असतो.

ज्याच्या-त्याच्या धंद्यात

मागवाल्यांचे उदाहरण घेतले म्हणून इतरांनी पान उलटू नये. बेकरीवाल्याने प्रत्येक घाणा भट्टीत किती वाजता गेला आणि किती वाजता निघाला ते भिंतीवर लिहावे. कोणत्या वेळच्या पावाचा तळ जास्त जळतो, ते पंधरवड्यात कळेल. शिंप्याने गिऱ्हाइकाची मापे सुट्या चिठ्ठ्यांवर न लिहिता एका वहीत लिहावी. कपडा पुन्हा उसवावा लागला तर त्याच ओळीपुढे कारण लिहावे, खांदा की कंबर. एकच कारण पाचदा दिसले तर चूक शिलाईत नाही, माप घेण्यात आहे. चामड्याचे काम करणाऱ्याने कापणीआधी साचे चामड्यावर मांडून पाहावे आणि रोज उरलेले तुकडे तोलावे. किराणावाल्याने रोज एकाच खणातला माल तारखेप्रमाणे पुढे-मागे करावा. ३० खण असतील तर महिन्यात दुकान फिरून होते आणि एकही दिवस दुकान बंद ठेवावे लागत नाही.

यातली एकही गोष्ट अवघड नाही, आणि एकीलाही भांडवल लागत नाही. अवघड आहे ते चाळिसाव्या दिवशी तीच गोष्ट तशीच करणे.

फायदा कोणाचा?

आता जी गोष्ट बहुतेक भाषणांत वगळली जाते, ती सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

समजा कामगाराने एक युक्ती सुचवली, तिने मागाचे थांबणे कमी झाले, कापड वाढले आणि कामगाराची मजुरी थोडी वर गेली. हे पाहून मालकाने मजुरीचा दर खाली आणला. त्या दिवसानंतर त्या शेडमध्ये कोणीही तोंड उघडणार नाही. ज्याच्या हातात ही गोष्ट रोज जाते तोच गप्प बसला, तर साकिचींची हकीकत वाचून काय उपयोग?

जपानी कारखान्यांतही सगळे गोडीगुलाबीने घडले असे नाही. १९५० साली टोयोटा दिवाळे निघण्याच्या बेताला आली होती. संप झाला, पुष्कळ कामगारांना काम सोडावे लागले, आणि संस्थापक किइचिरो यांनी स्वतः अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. सूचनांची रीत सुरू झाली ती या कडू प्रसंगानंतर, पुढच्या वर्षी. आपल्या सूचनेने आपलीच रोजी जाणार नाही, एवढा भरवसा असल्याशिवाय कामगार सूचना करीत नाही, मग तो जपानचा असो की भिवंडीचा.

म्हणून मालकांनी दोन गोष्टी आधीच सर्वांसमोर सांगून टाकाव्यात. सुधारणेमुळे काम वाढले तर दर कापला जाणार नाही. आणि कामी आलेल्या सूचनेसाठी, रक्कम लहान का असेना, बक्षीस त्याच महिन्यात मिळेल. सांगितले ते पाळावे. हुन्नर मजुरी देऊन विकत घेता येते, पण मनातली युक्ती भरवशाशिवाय बाहेर येत नाही.

आणखी एक खुलासा. लहान सवयी हा सर्व रोगांवरचा इलाज आहे असे आम्ही म्हणत नाही. साध्या मागाची कितीही निगा राखली तरी तो एअरजेट किंवा रॅपियर मागाच्या वेगाला पोहोचणार नाही. सुताचा भाव एका रात्रीत चढला तर चकत्या साफ ठेवून तो उतरणार नाही. नव्या मशिनी, त्यांसाठी कर्ज, मालाला थेट बाजार, ही कामे करावीच लागतील. पण जुन्या मागावर १० मिनिटांचा हिशेब न ठेवणारा माणूस नव्या मागावरही ठेवणार नाही. तिथे त्याच १० मिनिटांत कापड जास्त जाते आणि डोक्यावर हप्ता असतो. नवे मशीन घेण्याची तयारी जुन्या मशिनीवरच करावी लागते.

सुरुवात कशी करावी

शेवटी, हा लेख वाचून कोणी उद्यापासून दहा सुधारणा करायला घेऊ नयेत. एकच घ्यावी, आणि ती इतकी लहान असावी की थकल्या दिवशीही ५ मिनिटांत व्हावी. ती कोणी करायची त्याचे नाव लिहावे. कोणत्या वेळेला बांधायची ते ठरवावे. केल्याची खूण करायला भिंतीवर कॅलेंडर असतेच. रोज त्या तारखेवर एक रेघ मारावी. मालकाने स्वतःची रेघ सर्वांच्या आधी मारावी. कारण शेडमधले लोक मालक काय बोलतो ते ऐकत नाहीत, काय करतो ते पाहतात.

आणि त्याच कॅलेंडरवर आजपासून दहाव्या तारखेभोवती आजच एक वर्तुळ काढून ठेवावे. त्या दिवशी दोन कामगारांना बोलावून चहा पाजावा आणि विचारावे, काय जमले, काय अडले, कोणती गोष्ट अजून सोपी करता येईल. मधले दोन-तीन दिवस कोरे दिसले तर रागावू नये. कारण विचारावे, कारणाचे कारण विचारावे, आणि अकराव्या दिवशी सकाळी पाळी सुरू होताना पुन्हा खडू हातात द्यावा.